काळी मुळं

झाडाला लागलेल्या सुरईचं झाकण आज आणखी थोडं आत वळलं होतं. काल त्याच्या कडेला नखाएवढा तांबूस रंग शिल्लक होता. आज तोही नाही — नुसतं तपकिरी, कांद्याच्या टरफलासारखं पातळ, आणि काचेच्या हंडीखालच्या दमट हवेत असूनही इतकं कोरडं, की तोतारामनं बोट जवळ नेल्याबरोबर ते हललं. रोज उठून तेवीस दिवस तो ही एकच गोष्ट बघत होता, रोज थोडी थोडी वाईट होत जाताना. त्यानं हंडी हलकेच परत ठेवली.

शेजारच्या कुंडीकडे त्यानं मुद्दामच उशिरा पाहिलं. ती ठीक होती. ठीक म्हणजे काय, उत्तमच होती — तिच्या शेंड्याचं नवं पान उलगडून आडवं झालं होतं, पानाच्या टोकाचा तंतू खाली लोंबत होता, आणि तंतूच्या टोकाला ज्वारीच्या दाण्याएवढी फुगलेली एक गाठ होती. त्या गाठीची महिन्या-दीड महिन्यात सुरई होईल, तिला झाकण येईल, आत पाणी साठेल, आणि कुणी मुंगी मधाच्या आशेनं कडेवर येऊन घसरली की हे झाड तिला जिरवून टाकील. एका झाडाचे दोन कोंभ, एकाच सकाळी वेगळे केलेले. आणि हा असा फरक. फरक का पडला हे तोतारामला ठाऊक होतं, आणि धुळ्यात दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं, हीच तर अडचण होती.

खोली जमिनीत पुरुषभर खोल होती. साहेब इंजिनिअर, पूल बांधतो, कालवे काढतो, तसंच त्यानं बंगल्याच्या मागं हे विवर खणून घेतलं होतं — नऊ पायऱ्या, वर कौलं, तिन्ही बाजूंना वाळ्याचे पडदे, आणि पडद्यांवर दिवसभर पाणी मारायला एक माणूस. कशासाठी, तर दूर पूर्वेकडच्या डोंगरातून आणलेल्या एका झाडासाठी. पुस्तकात त्याला घटपर्णी म्हणतात. तोताराम आपला सुरई म्हणे. उन्हात चालेल थोडं, पण रात्र गार पाहिजे. हवा ओली पाहिजे, पण मुळांशी पाणी तुंबायला नको. विहिरीचं पाणी चालत नाही, क्षारानं मरतं. पावसाळ्यात कौलांवरून पिंपांत धरून ठेवलेलं पाणीच लागतं. खत नको, माती नको, डोंगरातलं शेवाळ पाहिजे. खानदेशात, चैत्रात, हे सगळं! बंगल्यावरचे लोक हसत. तोताराम हसत नसे. ज्याला आपल्या गावाची हवा सोडून दुसरी मानवत नाही त्याला हसण्यासारखं काय आहे, असं त्याला वाटे, आणि मग तो विचार जिथं जाऊन पोचे तिथं जायची त्याची इच्छा नसे.

गेल्या उन्हाळ्यात जुनं खोड वाळलं आणि पायथ्याशी दोन कोंभ राहिले. यंदा फाल्गुनात साहेब महिन्याभराच्या रजेवर डोंगरात जाताना सांगून गेला — दोघांना वेगळं कर, तुझा हात चांगला आहे. शिवाय कचेरीतल्या कारकुनाकडून मराठीत कागद लिहवून दिला. तो कागद अजून तोतारामच्या बंडीच्या खिशात होता. घामानं त्याच्या घड्या फाटत आल्या होत्या, पण उघडायची गरजच नव्हती. मुळांना क्षणभरही वारा लागू देऊ नये. शेण अथवा अन्य खत घालू नये. आणि तिसरी ओळ, कारकुनानं खाली रेघ मारलेली — मुळे काळी असतात. तो त्यांचा मूळचा रंग आहे. कुजली समजून कापू नयेत.

कापू नयेत.

वरून झुलाल पडद्यांवर पाणी मारत होता. वाळ्याचा वास एकदम दाट झाला. झुलाल सोनगीरचा, बंगल्यावर पाणी भरायला होता, आणि बोलल्याशिवाय त्याला पाणी मारता येत नसे.

"तोताराम भाऊ, तार उनी. साहेब सकाय येस."

साहेब उद्या येणार. तोताराम म्हणाला, "बरं."

"आनि पिंपं बठ्ठी रिकामी शेत. एकच उरनं."

"बरं," तो पुन्हा म्हणाला. पावसाच्या पाण्याचं आता एकच पिंप भरलेलं होतं.

तोतारामची माय झुलालची ही धुळ्याकडची बोली ऐकून आधी हसायची. शे काय, बठ्ठं काय… हे कसं रे बोलतात, तिनं विचारलं होतं, इथं आल्यावर पहिल्या आठवड्यात. मग हसायची थांबली. मग बाहेर बसायचीही थांबली. बंगल्यामागच्या चाळीतल्या बाया ओट्यावर येऊन तिच्याशी बोलत, ती मान हलवी, आणि त्या गेल्या की सुनेला विचारी, काय म्हनत व्हत्या? सत्तर वर्षांच्या बाईनं आपल्याच मुलुखात, आगगाडीनं काही तासांवर, मान हलवत बसावं. तापीकाठच्या तिच्या गावात तिला केळीच्या बागेतल्या ओळी पाठ होत्या. कुठल्या ओळीतली कुठली केळ पुरात आडवी झाली होती आणि तरी व्याली, हे ती सांगू शके. तिथं तिला कुणी काय म्हणालं हे दुसऱ्याला विचारावं लागत नव्हतं.

आणि तिला इथं कुणी आणलं? मी आणलं.

फैजपूरला काँग्रेस भरली त्या हिवाळ्यात. सगळा तालुका बैलगाड्या जुंपून तिकडे लोटला होता आणि आमच्या ओसरीवर पाच म्हातारे बसून दोन भावांत बाग, विहीर, बैल, भांडी वाटत होते. थोरला चुडामण म्हणाला, माय इथंच राहील, तिचं सगळं इथं आहे. सरळ बोलला. त्याच्या सरळ बोलण्याचाच मला लहानपणापासून संताप. मी उसळून म्हणालो, "माय काय तुझ्या एकट्याची हाये का?" — आणि म्हातारे खूश झाले. असे मुलगे हल्ली कुठं असतात, म्हणाले. वर्षभर एकाकडे, वर्षभर दुसऱ्याकडे, असं ठरवून त्यांनी पान खाल्लं. माय मागच्या दारात राखेनं तांब्या घासत होती. तिला ऐकू येत होतं. घासण्याचा आवाज मध्ये थांबला, मग पुन्हा सुरू झाला. तिला कुणी काही विचारलं नाही. तेव्हा मला माय हवी होती, की चुडामणच्या घरातून काहीतरी उचलून आणायचं होतं? याचं उत्तर तोताराम स्वतःला अर्धंच देई आणि मग काहीतरी काम काढी. आताही त्यानं उगाच हंड्या पुसायला घेतल्या.

पहिलं वर्ष ती चुडामणकडे राहिली. या संक्रांतीला तोताराम तिला घेऊन आला. गाडीत ती खिडकीशी बसली होती. जळगाव गेल्यावर काळी सपाट रानं सुरू झाली, कापसाच्या वाळक्या पळाट्या उभ्या असलेली, तेव्हा तिनं एकदाच विचारलं, "इथी केय नही होत का रे?" तो म्हणाला, नाही, इथं केळी होत नाहीत. त्यानंतर ती मुक्कामापर्यंत पदर पुढं ओढून बसली. धुळ्यात महिन्याभरात तिचं जेवण अर्ध्या भाकरीवर आलं. विचारलं की म्हणे, "मले बरं आहे. भूकच लागत नही." दुखत काही नव्हतं. डॉक्टरनं जीभ पाहिली, पोट दाबलं, म्हणाला, वय झालं. कमलबाईनं, तोतारामच्या बायकोनं, कढी केली, भरीत केलं. माय दोन घास खाऊन ताट सरकवी, आणि सुनेला वाईट वाटू नये म्हणून त्या दोन घासांचंच कौतुक करी.

ती सकाळ आठवली की तोतारामचा जीव आधी सुखावतो आणि मग खचतो. फाल्गुनातली सकाळ, ऊन यायच्या आधी. झाड त्यानं आपल्या घराच्या ओट्यावर आणलं होतं. पहिला कोंभ त्यानं स्वतः सोडवला — कागदात होतं तसा, शेवाळासकट, मुळांवर ओलं फडकं टाकून, श्वास रोखून. तो कुंडीत बसला. दुसरा हातात घेतला तोच मागून आवाज आला, "काय करतो रे?" माय दारात उभी होती. इतक्या दिवसांत तिनं आपण होऊन विचारलेला तो पहिला प्रश्न.

"कोंभ येगये करी राह्यलो, माय."

"मुनवे?" ती म्हणाली. केळीच्या बुडाशी फुटणारी पिलं, ती काढून नवी बाग लावतात. हे काम तिनं वयाच्या सातव्या वर्षापासून केलेलं. तिच्या चेहऱ्यावर काहीतरी हललं. गुडघ्यावर हात टेकत ती खाली बसली आणि हात पुढं केला. "दे इकडं. तुले कधी जमलं व्हतं हे?"

आणि त्यानं दिला.

तिनं शेवाळ झटकलं. खाली मुळं होती, केसांसारखी बारीक, काळीभोर. तिनं जिभेनं च्‌ केलं. "सडल्या रे या मुया. ठेवल्या तं कंदाले बी सडवतीन." विळा तिच्याच हाती होता — कधी उचलला कुणास ठाऊक. केळीच्या मुनव्याची मुळं पांढरी असतात. काळं दिसलं की ते गेलेलं, ते काढायचं, पांढरं दिसेपर्यंत काढायचं, हे त्या बागाइतीत पोरासोरांनाही ठाऊक. तिचा हात इतका स्थिर होता! एक, दोन, तीन… काळे केस ओट्यावर पडत होते आणि ती बोलत होती. सासऱ्यांनी लावलेली पहिली बाग, पूर आला ते साल, एका घडाला दोन गडी लागले होते ते साल. कमलबाई पीठ मळता मळता दारात येऊन उभी राहिली, ओले हात तसेच. तोतारामच्या खिशात कागद होता. थांब, एवढंच म्हणायचं होतं. थांब माय, याच्या काळ्याच असतात. तोंडात शब्द तयार होते. आणि ती हसली… कशावरून ते आता आठवत नाही, पण हसली, आणि तो गप्प बसला.

मग ती स्वतः उठून, त्या गुडघ्यांनी, साहेबाच्या गोठ्यातून शेण घेऊन आली. काला केला, कोंभ त्यात बुडवला, सावलीत फडक्यावर ठेवला. तीन दिवस सुकू दे, म्हणाली, जखम भरती. त्या दुपारी तिनं दीड भाकरी खाल्ली आणि ठेचा मागितला. कमलबाईनं पदरानं डोळे पुसले.

दिवस मावळताना त्यानं कोंभ चोरून उचलला, पावसाच्या पाण्यानं शेण धुतलं, शेवाळात बसवला आणि कुंडी खाली खोलीत नेली. पण मुळं काही परत लावता येत नाहीत. ती त्यानं ओट्याच्या कडेला केराच्या ढिगात शोधली. एक मोडून पाहिलं. बाहेरून काळं, आतून ओलं, पांढरट, जिवंत.

तेव्हापासून रोज सकाळी, तो कामावरून भाकरी खायला गेला की ती विचारी, "माझ्या मुनव्यानं पान काढलं का रे?" आणि रोज तो म्हणे, "काढी राह्यला, माय." एवढं ऐकून ती जेवायला बसे. तेवीस दिवस ती त्या पानावर जेवत होती. ते पान दुसऱ्याच झाडाचं होतं.

भाकरीची वेळ टळून गेली तरी तो वर गेला नाही, तेव्हा कमलबाईच पायऱ्यांच्या तोंडाशी आली.

"आज त्या आयकत नही. सकायपासून धुतलेलं लुगडं नेसून बसल्या. सायेब उद्या येईन, मंग मले कोन पाहू देईन, म्हनता."

"गुडघे?"

"बसत बसत उतरीन म्हनता." ती जरा थांबली. "काय झालं त्यायच्या झाडाले?"

बायकोला काही सांगावं लागत नाही, ही एक सोय आणि हा एक त्रास. ती म्हणाली, "दुसरं दाखवा," आणि गेली.

त्यात वाईट काय होतं? त्यानं चांगली कुंडी पुढच्या कट्ट्यावर ठेवली. वाळलेली उचलून पिंपाच्या मागं, अंधारात. हात धुतले. उद्या साहेबाला काय सांगायचं ते उद्या. साहेब फार तर चिडेल, दुसरा माळी बघेल, तेवढ्यानं काही कुणी मरत नाही. आज तिनं हे पान पाहावं, संध्याकाळी भाकरी खावी. याच्यापुढचा विचार त्याला करता येत नव्हता आणि करायचाही नव्हता.

ती आली. एकेका पायरीवर बसत, हातांनी अंग पुढं ढकलत, नऊ पायऱ्या. तो हात द्यायला गेला तर तिनं झिडकारला. खाली आल्यावर ती क्षणभर तशीच बसून राहिली. बाहेर ऊन भाजत होतं. इथं पडद्यांतून पाणी ठिबकत होतं आणि हवा गार होती.

"हिवाया कोंडून ठेवला रे इथी," ती म्हणाली.

"हो, माय."

"एका झाडासाठी."

तिनं कट्ट्यावरच्या कुंडीजवळ तोंड नेलं. नव्या पानाच्या टोकाची गाठ पाहिली. "याचा लोटा होईन?" तो म्हणाला, होईल. ती हसली. त्या सकाळसारखीच हसली, आणि तोतारामला वाटलं, निभावलं. तो पिंपाला टेकला.

मग तिनं शेवाळात बोट घातलं.

हे त्याच्या ध्यानात कसं आलं नाही? मुनवा लागला की नाही हे पान बघून ठरवत नाहीत. बुडाशी बोट घालून बघतात. आयुष्यभर तिनं तेच केलेलं. त्यानं "माय —" म्हटलं, पण बोट आत गेलं होतं आणि शेवाळ बाजूला झालं होतं. खाली मुळं होती. बोटभर लांब, दाट, काळी. तिनं एक मूळ नखानं अलगद उचललं आणि पाहत राहिली. पडद्याचं पाणी ठिबकत होतं.

"ह्या तं काया आहे."

"हो."

"अन् झाड जितं आहे."

"याच्या कायाच असता, माय."

तिनं मूळ होतं तसं ठेवलं, वर शेवाळ सारखं केलं, बोटानं दाबलं. आपण ज्या छाटल्या त्या कसल्या होत्या, हे तिला आता कळलं, आणि ते कळताना तिचा चेहरा त्यानं पाहिला. त्यानं दुसरीकडे बघायला हवं होतं.

"तुले ठाव व्हतं?"

अजूनही नाही म्हणता आलं असतं. साहेबानं काल कळवलं, असं म्हणता आलं असतं. खिशातला कागद घामानं छातीला चिकटला होता.

"व्हतं."

"मंग मले काहून नही सांगितलं?"

ती रागावून विचारत नव्हती. राग असता तर त्याला सोपं गेलं असतं. रागाला उत्तर देता येतं. तिला खरंच कळत नव्हतं, आणि म्हणून ती विचारत होती. तोताराम मनातल्या मनात उत्तरं जुळवू लागला. तू बोलत होतीस म्हणून. तू हसलीस म्हणून. तू जेवशील म्हणून… सगळं खरं, आणि सगळं त्याच्या बाजूचं. तिच्या हातानं एक जिवंत रोप मारू दिलं आणि वर तिला रोज शाबासकी दिली, यातलं तिच्या बाजूचं काय होतं? मागच्या दारातला तांब्या घासण्याचा आवाज त्याला ऐकू आला. तो मध्येच थांबला होता तेवढा वेळ, त्या दिवशी, ती कुणीतरी विचारील म्हणून थांबली असेल का? हे आजपर्यंत कधी डोक्यातच आलं नव्हतं. आता आलं, आणि जाईना.

"माझा कोनता?" ती म्हणाली.

त्यानं पिंपाच्या मागून कुंडी काढून दिली. तिनं ती मांडीवर घेतली. वाळलेल्या सुरईला हात लावला नाही. खोडावरून बोट फिरवलं. बुडाशी बोटभर खोड अजून हिरवट होतं. ते कालही होतं, परवाही होतं. त्यावरून काही ठरत नाही.

"सायेबाले सांग," ती म्हणाली, "म्हतारीनं मारलं म्हनावं. तुझं नाव नको घेऊ."

"तसं कशाले, माय…"

"पानी दे थोडं."

त्यानं शेवटच्या पिंपातलं पाणी तांब्यात दिलं. ती बोटं बुडवून शेवाळावर थेंब थेंब सोडू लागली. आता तिनं घाई केली नाही, विळा मागितला नाही, शेण मागितलं नाही. फक्त थेंब सोडत होती आणि मध्ये मध्ये थांबून बघत होती — नव्यानं काम शिकणारी बाई बघते तसं.

तोताराम तिच्यासमोर उकिडवा बसला. त्याला तिला एक विचारायचं होतं. माय, तुला कुठं राहायचंय? — एवढेच चार शब्द. फैजपूरच्या त्या हिवाळ्यापासून कुणी विचारले नव्हते, आणि अवघड त्यांत काहीच नव्हतं. आजवर त्याला वाटे, आपण विचारत नाही ते ती गावाचं नाव घेईल या भीतीनं. मग चुडामण हसेल, पंचातले म्हातारे हसतील. आता ती भीती त्याच्या जवळपासही नव्हती. गावाचं नाव तिनं घेतलं असतं तर उद्याच्या गाडीनं त्यानं तिला पोचवलं असतं, चुडामणच्या दारापर्यंत, मान खाली घालून. तो बसून राहिला, शब्द तोंडाशी धरून, आणि तिच्या ओल्या बोटांकडे बघत. विचारल्याबरोबर ती वर बघेल, आणि आपल्याला वाईट वाटू नये म्हणून म्हणेल, मले इथीच बरं आहे — याची त्याला भीती वाटत होती.